चैत्र-वैशाखातलं आभाळ: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हवामान विभागाने नाशिक जिल्ह्यासाठी 'तुरळक ठिकाणी गारपीट' असं सांगून यलो अलर्ट दिला होता. आमच्याकडे थेंबही नाही पडला आणि आठ किलोमीटरवरच्या गावात गारांचा सडा पडला. अंदाज बरोबर म्हणायचा की चूक? आणि काढलेला कांदा शेतात असताना असा इशारा आला तर नेमकं काय करायचं? – एक कांदा उत्पादक, निफाड तालुका

अंदाज बरोबर होता. 'तुरळक ठिकाणी' हा शब्द मोघम वाटतो, पण त्याला आकडा आहे: त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी १ ते २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्याच्या वर गेलं की 'बहुतेक ठिकाणी'. म्हणजे तुरळकचा इशारा असताना चारातली तीन गावं कोरडी राहणं हेच अपेक्षित असतं. वळवाचा एकेक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि गारांचा पट्टा त्याहून अरुंद. कोणत्या शिवारावर तो रिता होणार, हे दोन दिवस आधी सांगता येत नाही.

रंगांचा अर्थही नीट लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना घटना किती तीव्र आहे आणि ती घडण्याची शक्यता किती आहे, दोन्ही पाहिलं जातं. त्यामुळे पिवळ्या इशाऱ्यातही एखाद्या गावाची बाग झोडपली जाऊ शकते.

यावर उपाय एकच: अंदाज एकदा वाचून सोडून द्यायचा नाही, टप्प्याटप्प्याने जवळ जायचं. चार-पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज काढणी आणि मजूर ठरवायला वापरा. 'मेघदूत' ॲपवरचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो पिकाप्रमाणे असतो. प्रत्यक्ष दिवशी दुपारी बारानंतर मात्र 'नाऊकास्ट' पाहा. हा पुढच्या तीन तासांचा इशारा असतो आणि वळवाच्या दिवसांत सगळ्यात कामाचा तोच. त्याच्या जोडीला हवामान विभागाच्या संकेतस्थळावरची रडारची चित्रं पाहा. दहा-वीस मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवली की ढग कुठून कुठे सरकतोय ते दिसतं. ढग तीस किलोमीटरवर आहे आणि दहा मिनिटांत पाच किलोमीटर पुढे आला, तर हाताशी तास आहे. चित्राच्या कडेला डीबीझेडची (ढगातून परत येणाऱ्या रडारलहरींचा जोर मोजायचं एकक) रंगपट्टी असते. ढगाचा गाभा ५० ते ५५ डीबीझेडच्या वर गेलेला दिसला तर गारांची शक्यता धरूनच चाला. एक अडचण: रडारची किरणं अंतराबरोबर उंच जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून केंद्रापासून लांबच्या तालुक्यात चित्र कोरं दिसलं तरी एकदा डोळ्यांनी पश्चिम-दक्षिणेकडे पाहायचंच.

आता कांदा. इशारा येण्याआधी, माना पडायला (पात मानेशी मऊ होऊन आडवी व्हायला) लागल्यावर, काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडलेलं असलं की कांदा भिजला तरी सडण्याचं प्रमाण कमी राहतं. काढलेला कांदा एरवी पातीसकट तीन ते पाच दिवस शेतात सुकवतात, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशा पद्धतीने. चार-पाच दिवसांच्या अंदाजात मेघगर्जना दिसली तर एकाच दिवशी सगळं रान उपटू नका. दोन मजुरांना तासाभरात गोळा करून झाकता येईल एवढंच काढा. ढीग उंचवट्यावर लावा, भोवती वीतभर खोल चर मारा आणि ताडपत्री टाका. ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीला गच्च बांधली तर आत घाम धरतो. म्हणून वाऱ्याकडची बाजू दाबायची, उलट्या बाजूला खाली हातभर फट ठेवायची. पाऊस थांबल्यावर ताडपत्री लगेच काढा. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं: पाऊस येऊन जातो, माणूस दमून झोपतो आणि कांदा रात्रभर ताडपत्रीखाली शिजतो.

गारांचा मार बसलेला कांदा वरून ठीक दिसतो, पण चार दिवसांनी त्या जागी मऊ डाग पडतो. तो वेगळा करा आणि आधी विका. साठवणीच्या चाळीत भरायचा कांदा सावलीत दहा-बारा दिवस सुकलेलाच हवा.

गारा मार्च-एप्रिलमध्येच का पडतात? खरा पाऊस तर जून-जुलैत असतो. – शिक्षिका, लातूर

गारेला भरपूर पावसापेक्षा दोन गोष्टी जास्त लागतात: खाली तापलेली दमट हवा आणि वर थंड, कोरडी हवा. मार्चमध्ये जमीन चाळिशीकडे निघालेली असते, पण वरचा थर अजून हिवाळ्याचाच असतो. उत्तरेकडून पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी प्रणाली) गेला की वरची हवा आणखी गार होते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत शिरलं आणि मराठवाडा-विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की दोन्ही वारे एकमेकांना भिडतात आणि ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो.

दुसरी गोष्ट गोठणपातळीची. मार्चमध्ये शून्य अंश तापमान जमिनीपासून साधारण चार-साडेचार किलोमीटरवर सापडतं, पावसाळ्यात ते पाच-साडेपाचवर जातं. गारेला जेवढं जास्त अंतर उबदार हवेतून खाली यावं लागतं, तेवढी ती वितळते. दोन सेंटिमीटरची गार ढगात तोलून धरायला वर जाणारा वारा ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास लागतो. मोसमी पावसाच्या ढगांत, मोजके अपवाद सोडले तर, तेवढा जोर नसतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात जी गारपीट झाली, तिच्यात हे सगळं दिवसेंदिवस एकत्र टिकून राहिलं होतं. एकेक दिवस असं जुळणं नेहमीचं, पंधरवडाभर जुळणं विरळा.

वर्गात दाखवायचं असेल तर पडलेली मोठी गार लगेच उचलून सुरीने मधोमध कापा. आत कांद्यासारखे पांढरे आणि पारदर्शक थर दिसतात. पाणी झटकन गोठलं, हवा आत अडकली, तो थर पांढरा. सावकाश गोठलं, तो काचेसारखा.

मोबाईल ३४ अंश दाखवतो, गाडी ३९. मुंबईत मार्चमध्येच मे महिन्यापेक्षा जास्त का भाजतं? आणि 'उष्णतेची लाट' कधी जाहीर होते? – मुलुंड

गाडीचा सेन्सर बंपरजवळ असतो, खाली तापलेलं डांबर आणि मागे इंजिन. सिग्नलला उभी असताना तो आकडा हवेचा नसतोच. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. आपल्याकडे पेटीचं दार उत्तरेकडे उघडतात, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. मोबाईलवरचा आकडा बऱ्याचदा संगणकीय प्रारूपातून येतो. त्याला मुलुंड आणि समुद्रकाठ यांतला फरक नीट कळतोच असं नाही. मुंबईचे अधिकृत आकडे कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे. कुलाबा तीन बाजूंनी समुद्रात, म्हणून तिथला पारा दुपारी सहसा कमी. मुलुंडला सांताक्रूझचा आकडा जवळचा, त्यातही अंश-दोन अंश वर धरा.

मार्चचं उत्तर वाऱ्यात आहे. एरवी सकाळी अकरा-बाराला समुद्रावरून वारा सुटतो आणि पारा तिथेच अडतो. मार्च-एप्रिलमध्ये अधूनमधून जमिनीवरून येणारा कोरडा पूर्वेचा वारा इतका जोरात असतो की समुद्रवारा दोन-अडीचपर्यंत आत येऊच शकत नाही. ते दोन तास मुंबईला पोळून काढतात. सांताक्रूझचा मार्चमधला उच्चांक ४१.७ अंश, २८ मार्च १९५६ चा. एप्रिलचा ४२.२, १४ एप्रिल १९५२ चा. मे महिन्यात समुद्रवारा नेमाने येतो, पारा ३३-३४ वर राहतो, पण आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही. त्रास दोन्हीकडे आहे, प्रकार वेगळा.

लाटेची व्याख्या ठरलेली आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३० अंश हवं, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. ६.४ च्या पुढे गेलं तर तीव्र लाट. शिवाय मैदानी भागात कमाल तापमान ४५ ला पोचलं तर सरासरी न बघता लाट, ४७ ला तीव्र लाट. उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणून चंद्रपूर-अकोल्यात ४३ ला लाट नसते आणि मुंबईत ३८ ला असू शकते. शरीराला मात्र ही व्याख्या माहीत नसते. अंग तापून माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजा: सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून पंख्याने वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

वीज कडाडत असताना शेळ्या घेऊन बाभळीखाली थांबतो. मोबाईल बंद केला तर वीज पडत नाही, हे खरं का? – पशुपालक, आष्टी (बीड)

मोबाईलमुळे वीज ओढली जात नाही. तो बंद करू नका, उलट इशारा त्याच्यावरच येतो. बाभळीखाली मात्र थांबू नका. उघड्या माळावर एकटं झाड म्हणजे वीज पडायची सगळ्यात सोपी जागा. खोडावरून उतरलेली वीज जमिनीतून चहूकडे पसरते. जनावरांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने दोन पायांतला विद्युतदाब जास्त पडतो, म्हणून एका झटक्यात अख्खा कळप आडवा होतो.

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनाने भागा, तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, तिथेच आडोशाला निघायचं. अजून पाऊस नाही म्हणून थांबायचं नाही, वीज पावसाच्या पुढे चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजा दाखवतं. चरायला निघतानाच ते उघडून ठेवा.

आडोसा म्हणजे पक्कं घर, शाळा किंवा काचा वर केलेली पत्र्याची बंद गाडी. उघडं पत्र्याचं शेड, मंदिराचा मोकळा मंडप, ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही. काहीच नसेल तर सखल जागेत, पाण्यापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, दोन्ही पावलं जुळवून उकिडवे बसा. जमिनीवर आडवं व्हायचं नाही. दोघं-तिघं असाल तर अंतर ठेवा, शेळ्याही पांगू द्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध जोरात दाब द्यायला लगेच सुरुवात करा आणि १०८ बोलवा.

पाऊस यायच्या आधीच एवढं वादळ कुठून येतं? – डोंबिवली

वरून. पावसाचे थेंब कोरड्या हवेतून पडताना वाळतात, हवा गार आणि जड होते आणि ढगातून खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चहूबाजूंना धावते, पावसाच्या कितीतरी किलोमीटर पुढे. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीचं जे वादळ आलं आणि घाटकोपरला फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, ते अशाच वळवाच्या ढगांचं. उकाडा असताना एकदम गार झुळूक आली आणि क्षितिजावर मातकट भिंत दिसली, की हाताशी काही मिनिटंच असतात. फलक, जुनी झाडं, बांधकामाच्या परांच्या यांच्यापासून दूर व्हा, गाडी त्यांच्याखाली लावू नका.

शून्य सावलीचा दिवस मुलांना नीट दाखवायचा आहे. मागच्या वर्षी सावली पूर्ण गेलीच नाही. – विज्ञान शिक्षक, पुणे

बहुधा काठी ओळंब्यात नव्हती. सूर्य त्या दिवशी अगदी डोक्यावर असतो, पण काठी एक अंशाने कलली तरी ३० सेंटिमीटरच्या काठीची सावली पाच मिलिमीटर राहते.

शून्य सावलीचा दिवस म्हणजे सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, ते) तुमच्या अक्षांशाएवढी होते तो दिवस. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने हे आपल्याकडे वर्षातून दोनदा होतं, आणि मे महिन्यात तो दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: पणजी २-३ मे, कोल्हापूर ६-७ मे, सोलापूर १०-११ मे, पुणे १३-१४ मे, मुंबई १५-१६ मे, नाशिक २० मे, नागपूर २६ मेच्या आसपास. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये येते, पुण्याला जुलैअखेर, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा हे होत नाही. पुण्याला वेळ दुपारी १२.३१, मुंबईला १२.३५, नागपूरला १२.११ च्या सुमारास, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत.

साहित्य: ३० सेंटिमीटरचा सरळ पीव्हीसी पाइप, गवंड्याचा ओळंबा, पांढरा कागद. जमीन सपाट आहे का ते परातीत पाणी ओतून पाहा, काठाला पाणी सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. पाइप दोन वेगवेगळ्या बाजूंनी ओळंब्याला लावून पाहा, एका बाजूने सरळ असणं पुरत नाही. १२.१० पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलीने ठिपका द्या. ठिपके पाइपाजवळ येत जातात, १२.३१ ला सावली बुडाशी विरते आणि मग दुसऱ्या बाजूने निघते. कडा धूसर दिसली तर चूक समजू नका, सूर्याची तबकडीच अर्ध्या अंशाची आहे. ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा: क्रांती त्या सुमाराला रोज पाव अंशाने बदलते, म्हणजे फरक दीड मिलिमीटरचाही पडत नाही. सूर्याकडे वर पाहायचं नाही, हे आधीच बजावा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पाइप लावा. माध्यान्हीची सावली आता दक्षिणेला पडते, कारण सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. शून्य सावलीपेक्षा मुलं याने जास्त चकित होतात.

सूर्याभोवती मोठं गोल कडं दिसलं. हा पावसाचा संकेत का? – वाई

हे खळं. उंचावरच्या विरळ ढगातल्या षट्कोनी हिमकणांतून प्रकाश वळतो आणि सूर्यापासून २२ अंशांवर कडं उमटतं. हात लांब करून अंगठ्याने सूर्य झाकला आणि बोटं ताणली, तर करंगळी साधारण कड्यावर येते. आतली कड तांबूस असते. हा उंच ढग कधीकधी येणाऱ्या पावसाळी प्रणालीच्या पुढे धावतो, म्हणून जुनी माणसं खळं पाहून पावसाचा अंदाज बांधत. चैत्रात मात्र खळं पडून पुढे कोरडं जाणं नेहमीचं आहे. एकट्या खळ्यावर काढणी लांबवू नका.

२०२२ च्या पाडव्याला संध्याकाळी आकाशातून आगीचे लोळ गेले. उल्का आणि रॉकेटचे तुकडे यांत फरक कसा ओळखायचा? – सिंदेवाही (चंद्रपूर)

वेळ मोजून. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि एक ते पाच सेकंदांत संपते. कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा टप्पा सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ आडवा येतो, म्हणून तो अर्धा मिनिट ते मिनिटभर दिसतो आणि मागे एकाच दिशेने चालणाऱ्या ठिणग्यांची रांग लागते. २ एप्रिल २०२२ ला तेच दिसलं. तुमच्याच तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याचं असल्याचा निष्कर्ष निघाला. असा तुकडा सापडला तर हात लावू नका, टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तहसील किंवा पोलिसांना कळवा. चित्रण करताना एखादं झाड किंवा खांब चौकटीत येऊ द्या, त्याशिवाय दिशा आणि उंची काढता येत नाही.

घरच्या घरी पाऊस मोजायचा आहे. आणि वळवाचा चांगला पाऊस झाला की पेरायला हरकत आहे का? – मिरज तालुका

तोंडाचा आतला व्यास बरोबर १६ सेंटिमीटर असलेलं नरसाळं घ्या. त्याचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस = २० मिलिलिटर पाणी. खाली पाच लिटरचा कॅन ठेवा, २५० मिलिमीटरपर्यंत चिंता नाही. कॅन जमिनीत अर्धा पुरा म्हणजे पाणी उडणार नाही, नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि समतल ठेवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुप्पट अंतर हवं. गच्चीवर ठेवू नका, कठड्यावरून उसळणारा वारा थेंब पळवतो. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान विभागाचा चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असतो. तुमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी तरच जुळवता येईल. मोजायला औषधाची मोठी सिरिंज चालते. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर म्हणजे १०१ लिटर, हे ठिबकवाल्यांनी लिहून ठेवावं.

पेरणीचं: १ मार्च ते ३१ मे हा पाऊस पूर्वमोसमी म्हणून धरला जातो, १ जूनपासून पडलेला मोसमाच्या खात्यात जातो, मान्सून पोचलेला असो वा नसो. मुंबईची सरासरी तारीख ११ जून, पुण्याची १० जून, पण २०२५ मध्ये तो मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. त्यामुळे तारखेवर जाऊ नका आणि एका मोठ्या वळवावरही जाऊ नका. तासाभरात कोसळलेलं पाणी वरून वाहून जातं, ओल बोटभरच राहते, बियाणं उगवतं आणि पुढच्या दहा दिवसांच्या उन्हात करपतं. तुमच्या कॅनमध्ये मोसमी पावसाचे ७५ ते १०० मिलिमीटर भरू द्या. मग फावड्याने वीतभर खणून पाहा, खालची माती मुठीत घट्ट धरून गोळा झाली तर पेरा.